समुद्राची निळाई आणि रामन यांचा वारसा

दरवर्षी २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत लावलेल्या शोधाला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि १९३० मध्ये त्याबद्दल नोबेल पारितोषिकही लाभले. या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतात, रामन यांच्या तसबिरीला हार घातले जातात. परंतु ज्या प्रश्नाने त्यांना या शोधाच्या वाटेवर आणले, त्याची आठवण क्वचितच निघते. समुद्र निळा का दिसतो, हा तो प्रश्न. आज हाच प्रश्न उपग्रहांच्या साह्याने विचारला जातो आणि समुद्राच्या रंगावरून त्यातील जीवसृष्टीचा अंदाज बांधणारी एक स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली आहे. या शाखेसाठी माणसे कशी घडवावीत, याचा विचार करताना रामन यांच्या चरित्राचे हे पान पुन्हा उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक. त्यांची नेमणूक विशाखापट्टणच्या महाविद्यालयात झाल्याने रामन यांचे बालपण समुद्राच्या सान्निध्यात गेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये ते पदवीधर झाले. १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला, तोही कोणा मार्गदर्शकाचा हात न धरता. उच्च शिक्षणासाठी विलायतेस जावे, तर तेथील हवा त्यांच्या नाजूक प्रकृतीस मानवणार नाही असा वैद्यकीय अभिप्राय पडला. विज्ञानाला वाहून घेऊन पोट भरण्याची सोय तेव्हा देशात नव्हती. तेव्हा १९०७ मध्ये ते सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले आणि कलकत्त्यास आले.

तेथे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था बऊबझार रस्त्यावर जवळजवळ ओस पडली होती. या संस्थेत रामन यांनी कचेरीच्या आधी आणि नंतर असे दोन्ही वेळ काम सुरू केले. दहा वर्षे हा क्रम चालला. १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठातील पालित अध्यासन देऊ केले. पगार सरकारी नोकरीहून बराच कमी होता. तो रामन यांनी पत्करला. मात्र या अध्यासनावरील प्राध्यापकाने परदेशी प्रशिक्षण घेतलेले असावे, ही अट त्यांनी साफ नाकारली. विद्यापीठाला ती बाजूस सारावी लागली. यात अहंकार नव्हता असे नाही. पण प्रशिक्षण म्हणजे परदेशी शिक्का नव्हे, ही त्यामागील धारणा मोलाची होती.

१९२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड येथे भरलेल्या साम्राज्यातील विद्यापीठांच्या परिषदेसाठी रामन प्रथमच विलायतेस गेले. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना विचारात पाडले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅली यांचे मत होते आणि रॅली म्हणजे प्रकाशशास्त्रातील शेवटचा शब्द मानला जात असे. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ बोटीच्या कठड्यापाशी उभे राहून रामन यांनी हे मत कसास लावले. पाण्याच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो आणि निकोल लोलक योग्य दिशेने फिरविला की तो अडविता येतो. रामन यांनी लोलकातून पाहून आकाशाचे प्रतिबिंब पुसून टाकले. रॅलींचे म्हणणे खरे असते तर निळाई नाहीशी व्हावयास हवी होती. उलट ती अधिकच खुलून दिसली. अर्थात ती पाण्याच्या अंतरंगातून येत होती. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘नेचर’ साप्ताहिकासाठी त्यांनी लिहिलेल्या टिपणावर बोटीचे नाव, मुंबई बंदर हे ठिकाण आणि २६ सप्टेंबर ही तारीख आहे. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात मुंबई बंदराला हे स्थान आहे, याची जाणीव मुंबईकरांनाही फारशी नसावी.

कलकत्त्यास परतताच रामन आणि त्यांचे विद्यार्थी प्रकाशाच्या प्रकीर्णनामागे लागले. विद्यार्थ्यांपैकी के. आर. रामनाथन यांनी १९२३ मध्ये समुद्राच्या रंगावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच सुमारास द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात त्यांना एक क्षीण, अनपेक्षित अंश आढळला. तो द्रवातील अशुद्धीमुळे असावा असे प्रथम वाटले. पण द्रव कितीही शुद्ध केला तरी तो जाईना. हाच धागा धरून १९२८ मध्ये रामन आणि के. एस. कृष्णन जगन्मान्य शोधापर्यंत पोचले. समुद्राविषयी मात्र रामन यांचा शब्द अखेरचा ठरला नाही. पाणी लाल किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि निळाईत या शोषणाचा वाटा रामन यांनी मानला त्याहून पुष्कळ मोठा आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले. रॅलींना तपासून पाहणाऱ्याचे निष्कर्षही तपासले जावेत, यातच विज्ञानाची शान आहे.

रामन यांनी बोटीवर सोडविलेला पेच आजच्या उपग्रहापुढेही आहे. वनस्पतिप्लवकांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते. म्हणून ते जेथे विपुल असते, तेथे पाणी हिरवट दिसते. या रंगभेदावरून समुद्राची उत्पादकता ताडता येते. परंतु उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नऊ दशांश वातावरणातून आलेला असतो. समुद्राचा स्वतःचा प्रकाश उरलेल्या एक दशांशात दडलेला असतो. आकाशाचा प्रकाश वजा करून समुद्राचा तेवढा वेगळा काढणे, हे या विद्येतील सर्वांत कठीण काम होय. रामन यांचा लोलक हेच करीत होता.

या वारशाचा धागा अहमदाबादेतही सापडतो. विक्रम साराभाईंनी बंगलोरमध्ये रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर काम केले आणि १९४७ मध्ये अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. तिचे पहिले संचालक होते रामनाथन. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची पायाभरणी येथेच झाली. २६ मे १९९९ रोजी अंतराळात गेलेल्या ओशनसॅट-१ वर समुद्राचा रंग आठ पट्ट्यांत मोजणारे उपकरण होते. २००९ मध्ये दुसरा उपग्रह गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तेरा पट्ट्यांचे उपकरण घेऊन तिसरा गेला. समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या नोंदींवरून हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था मच्छीमारांना मासे कोठे मिळण्याची शक्यता आहे हे कळविते, तेही त्यांच्या भाषेत.

उपग्रह उभारणे आपणास साधले. त्याने धाडलेल्या आकड्यांवर शंका घेणारी माणसे घडविणे हे काम अजून बाकी आहे. खुल्या महासागरासाठी बसविलेली सूत्रे किनाऱ्यालगत फसतात; कारण तेथे नद्यांचा गाळ आणि कुजलेल्या वनस्पतींची पिवळसर द्रव्येही पाण्याला रंग देतात. कोकणच्या खाड्यांच्या मुखाशी गढूळ पाण्याला सुपीक समजण्याची चूक सहज होऊ शकते, आणि पावसाळ्यात तर ढगांमुळे उपग्रहाला समुद्रच दिसत नाही. चुकीच्या अंदाजाची किंमत डिझेल जाळून रिकाम्या हाताने परतणारा मच्छीमार मोजतो. म्हणून होडीतून जाऊन पाण्याचे नमुने घेणारे, पाण्याखालील प्रकाश मोजणारे हात हवेत. १८६५ मध्ये सेकी यांनी वापरलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून पारदर्शकता पाहणे कोणत्याही किनारी महाविद्यालयाला परवडण्यासारखे आहे.

सागरी प्रकाशकीच्या उच्च प्रशिक्षणासाठी २०१२ पासून भूमध्य समुद्राकाठच्या व्हिल्फ्रांश-सुर-मेर या फ्रेंच गावी जगभरच्या तरुण संशोधकांचे वर्ग अनेकदा भरले आहेत. हैदराबादेतही सागरविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. अशा वर्गांत कोणाला जागा मिळते, हा प्रश्न दुय्यम नव्हे. येथे रामन यांच्याच आयुष्यातील एक उणी बाजू सांगितली पाहिजे. १९३३ मध्ये ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांना, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, रामन यांना दार उघडावे लागले. पुढे कमला सोहोनी म्हणून त्या केंब्रिजच्या डॉक्टरेटपर्यंत पोचल्या. नंतरच्या काळात रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या अण्णा मणी यांनी पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे घडविण्याचे काम केले. दार बंद राहिले असते, तर नुकसान विज्ञानाचेच झाले असते.

१९३७ मध्ये वादांपायी रामन यांना संचालकपद सोडावे लागले. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली, १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मोठेपणाचा गौरव करताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्यांचे साधन लहान होते, प्रश्न सर्वांच्या डोळ्यांसमोरचा होता आणि मान्यवरांचे उत्तर त्यांनी स्वतः पाहिल्यावाचून स्वीकारले नाही. किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील मुलामुलींना उपग्रहाची चित्रे पडद्यावर दाखविणे सोपे आहे. त्यांना वर्षातून काही दिवस होडीत बसवून ती चित्रे पाण्याशी ताडून पाहावयास लावणे, ही विज्ञान दिनाची खरी तरतूद ठरेल.