फ्लॉरेन्स नाइटिंगेल : रुग्णशय्येजवळची शाळा

हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपणा सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यांनी उभारलेली शाळा हे त्यांचे अधिक चिरस्थायी कार्य होय, असे आम्हांला वाटते.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. परमेश्वर आपल्याला सेवेसाठी पाचारण करीत आहे, ही जाणीव त्यांना १८३७ साली झाली. १८४५ मध्ये त्यांनी सॉल्झबरीच्या रुग्णालयात शिकण्याची इच्छा व्यक्त केली. घरच्यांनी ती धुडकावली. कारण रुग्णसेवेची नोकरी त्या काळी कुलीन स्त्रीला कमीपणाची समजली जाई. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे त्यांना तीन महिने शिकता आले.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी त्या ३८ स्त्रियांसह स्कुटारीला निघाल्या. त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. बर्मंडसी मठाच्या मदर मेरी क्लेअर मूर यांच्याशी जुळलेला त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. काही परिचारिकांना मात्र परत पाठवावे लागले. केवळ कळवळा किंवा केवळ कामाची सवय पुरेशी नाही, हे तेथे स्पष्ट झाले.

जनतेने त्यांच्या गौरवार्थ उभारलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. प्रशिक्षण एक वर्षाचे होते. विद्यार्थिनी वॉर्डातच, अनुभवी परिचारिकांच्या देखरेखीखाली शिकत. जखम बांधणे, रुग्णाचे अंथरूण घालणे, पथ्याचे अन्न शिजवणे, शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणे आणि रुग्णाच्या प्रकृतीतील बदल टिपणे, ही कामे त्या प्रत्यक्ष करीत. कौशल्याबरोबर वक्तशीरपणा, विश्वासूपणा व स्वच्छता यांचीही नोंद होई.

तथापि नियम कागदावर असणे निराळे. १८७२ च्या सुमारास नाइटिंगेल यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा व्याख्याने नियमित होत नसल्याचे व विद्यार्थिनींना शिक्षणापेक्षा कामालाच अधिक जुंपले जात असल्याचे त्यांना आढळले. स्वतः दीर्घकाळ आजारी असूनही त्यांनी सुधारणा घडविल्या, विद्यार्थिनींना भेटीस बोलावले, पत्रे लिहिली. येथील परिचारिकांनी पुढे लिव्हरपूल, सिडनी अशा दूरच्या रुग्णालयांचा कारभार सांभाळला.

१३ ऑगस्ट १९१० रोजी नाइटिंगेल निवर्तल्या. त्यांचा जन्मदिन जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. आपल्या धर्मग्रामांतूनही अनेक मुली या सेवेत जातात. त्यांच्या दयाळू अंतःकरणाला सुशिक्षित हातांची जोड मिळावी आणि शिकण्यासाठी त्यांना पुरेसा अवधी मिळावा, हीच आमची प्रार्थना.