सर जोसेफ पॅक्स्टन

लंडनच्या १८५१ सालच्या प्रचंड कांचमहालाचा आराखडा सर जोसेफ पॅक्स्टन यांचा. परंतु आम्हांस ते माळी म्हणूनच अधिक प्रिय आहेत. जन्म १८०३ चा, शेतकरी कुटुंबांतला. तेविसाव्या वर्षींच ते चॅट्सवर्थ येथें ड्यूकचे मुख्य माळी झाले.

त्या काळीं दूरदेशींचीं ऑर्किडें सरसकट कोंदट, तप्त कांचगृहांत कोंडीत. उष्ण कटिबंधांतील वनस्पतीस उष्णताच हवी, हा समज! डोंगरमाथ्यावरच्या गारव्यांत वाढलेलीं बिचारीं रोपें गुदमरून मरत.

१८३५ सालीं पॅक्स्टन यांच्या हाताखालचा माळी गिब्सन हिंदुस्थानास निघाला. खासी टेकड्यांतलीं ऑर्किडें घेऊन तो १८३७ सालीं परतला. पॅक्स्टन यांनीं उष्णता उतरविली, हवा खेळती ठेविली, भिन्न हवामानाच्या रोपांस भिन्न गृहें दिलीं. १८६५ सालीं ते वारले, तेव्हां इंग्लंडांत ऑर्किडें थंड गृहांतही फुलूं लागलीं होतीं.