नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि अहमदनगर येथील ख्रिस्ती धर्मशिक्षण विद्यालयाचे अध्यापक होते. ख्रिस्ती उपदेश मराठी संतपरंपरेच्या भाषेत व्हावा, हा आग्रह त्यांनी आपल्या कार्यातून मांडला.

पूर्वजीवन

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १८८० मध्ये त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार भेट दिला. त्याच्या अभ्यासानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

अध्यापन

धर्मांतरानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात सहभागी झाले. मिशनचे धर्मशिक्षण विद्यालय १८७८ मध्ये सुरू झाले होते आणि रॉबर्ट ह्यूम हे त्याचे प्रमुख होते. खेडोपाडी उपदेशक व पाळक पाठवता यावेत, हा विद्यालयाचा हेतू होता. जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दलित समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती. टिळकांनी तेथे अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

श्रोत्यांच्या ओळखीची भाषा व चाल ज्याला अवगत नाही, त्याचे धर्मज्ञान लोकांपर्यंत पोहोचत नाही, अशी टिळकांची धारणा होती. परभाषेतील चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांचा आश्रय घेतला. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा अहमदनगरमध्ये आधीच रुजली होती. टिळकांनी तिला काव्याचे बळ दिले. त्यांची अनेक भक्तिगीते मराठी चर्चच्या उपासनेत रूढ झाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले.

देवाचा दरबार

मिशनच्या पगारावर अवलंबून असलेला उपदेशक समाजाला परक्यांचा नोकर वाटतो, ही अडचण केवळ शिक्षणाने सुटणारी नव्हती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची उभारणी आरंभली. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात समान प्रवेश होता. मात्र दोनच वर्षांत टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि हा प्रयोग स्थिरावू शकला नाही.

वारसा

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून टिळकांचे जीवन ख्रिस्ती समाजाबाहेरील मराठी वाचकांनाही परिचित झाले.