एतिएन-लुई मालुस : चकाकीचे कोडे सोडविणारा सैनिकी अभियंता

पाण्यावरून किंवा काचेवरून परावर्तित होऊन डोळे दिपविणारा प्रकाश हा सूर्याच्या थेट प्रकाशाहून गुणधर्माने वेगळा असतो, हे जगाला प्रथम दाखवून दिले ते एतिएन-लुई मालुस या फ्रेंच सैनिकी अभियंत्याने. कॅमेऱ्यावरील फिल्टर आणि पोलराइज्ड गॉगल यांचे मूळ या शोधात आहे.

मालुस यांचा जन्म २३ जुलै १७७५ रोजी पॅरिसमध्ये झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत मेझिएर येथील सैनिकी अभियांत्रिकी विद्यालय त्यांना सोडावे लागले आणि साधा शिपाई म्हणून डंकर्कच्या तटबंदीवर काम करावे लागले. तेथे त्यांची बुद्धिमत्ता वरिष्ठांच्या नजरेत भरली व नव्यानेच स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेत त्यांची निवड झाली. १७९८ मध्ये ते नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर गेले. याफा येथे त्यांना प्लेगने गाठले. त्यातून ते बचावले, परंतु १८०१ मध्ये मायदेशी परतले ते खालावलेली प्रकृती घेऊनच.

कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिल्यास एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. या दुहेरी अपवर्तनाच्या गणिती उपपत्तीसाठी फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेने १८०८ मध्ये पारितोषिक जाहीर केले. या अभ्यासात गढलेल्या मालुस यांनी एका सायंकाळी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळता सूर्य आपल्या घरातून स्फटिकाद्वारे पाहिला. स्फटिक फिरविताच एक प्रतिमा मंदावली. आणखी फिरविल्यावर ती उजळली आणि दुसरी मंदावली. हा वातावरणाचा परिणाम असावा, असे प्रथम त्यांना वाटले. मात्र त्याच रात्री पाणी व काच यांवरून परावर्तित झालेल्या मेणबत्तीच्या प्रकाशातही तोच प्रकार आढळला. परावर्तनानेच प्रकाशाला हा गुणधर्म येतो, हे सिद्ध झाले. त्याला ध्रुवीकरण हे नाव त्यांनीच १८११ मध्ये दिले.

१८१० मध्ये त्यांना ते पारितोषिक मिळाले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू असतानाही लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक देऊन गौरविले. परंतु आयुष्याने साथ दिली नाही. २४ फेब्रुवारी १८१२ रोजी वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले.

प्रकाश कणांचा बनलेला आहे, असे मालुस मानत. ही कल्पना पुढे मागे पडली, तरी ध्रुवित प्रकाशाच्या तीव्रतेविषयीचा त्यांचा नियम टिकून राहिला. परावर्तनाचा कोन आणि पदार्थ यांचे नाते मात्र त्यांना उमगले नव्हते. ते १८१५ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी शोधले. पाण्यासाठी हा कोन लंबापासून सुमारे ५३ अंश, तर साध्या काचेसाठी सुमारे ५६ अंश असतो. या कोनात परावर्तित झालेला प्रकाश पृष्ठभागाला समांतर अशा एकाच दिशेने कंप पावतो. त्यामुळे केवळ उभी कंपने जाऊ देणारी काच डोळ्यांवर असली, की रस्त्यावरील वा पाण्यावरील चकाकी अडते.

याच तत्त्वाचा आधार १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी घेतला. युरोपातून मुंबईकडे येताना नरकुंडा जहाजावरून त्यांनी निकोल लोलकाद्वारे समुद्रपृष्ठावरील चकाकी वगळली, तरी निळाई कायम राहिली. ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणून दिसते, हे त्यांनी दाखविले.

शोधानंतर मालुस यांना जेमतेम साडेतीन वर्षांचे आयुष्य लाभले. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.