विद्या कशासाठीं?

मुलगा कॉलेजांत जाऊं लागला कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो पुढील पगाराचा. हा प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो एकटाच उरावा याचें आम्हांस वाईट वाटतें. अशा वेळीं गोपाळ गणेश आगरकर यांचें चरित्र आठवावें.

१८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं एका गरीब घरांत ते जन्मले. शिक्षणासाठीं हाल सोसलेल्या या तरुणास पैशाची किंमत कोणी शिकवावयास नको होती. तरीहि, आपल्याकडून संपत्तीची आशा धरूं नये, असें त्यांनीं आईस पत्रानें कळविलें, आणि एम. ए. होऊन १८८१ सालीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत अल्प वेतनावर शिकविणें पतकरिलें. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून बालविवाह व विधवांचें केशवपन यांवर त्यांनीं निर्भय टीका केली. त्यापायीं जिवंतपणीं आपली प्रेतयात्रा पाहिली. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजाचे प्रिन्सिपल होते. १८९५ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, ते निवर्तले.

व्यापारी बंधूंनीं हा जमाखर्च नीट पाहावा. खर्चाच्या बाजूस पत्नी यशोदाबाईंची ओढाताणहि मांडलीच पाहिजे. पण ती विद्या नोकरीस विकली असती तर एक घर सुखवस्तु झालें असतें. न विकल्यानें सबंध महाराष्ट्र विचार करूं लागला.

प्रत्येकानें आगरकर व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. मुलास पगार अवश्य विचारावा. मात्र त्याआधीं, कोणत्या शंका पडल्या, हें विचारावें.