अदृश्य किरणांचा माग काढणारे जॉर्ज स्टोक्स

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फ्रँकलिन येथे सापडणारे विलेमाइट हे जस्ताचे सिलिकेट खनिज दिवसाच्या उजेडात फारसे लक्ष वेधून घेत नाही. अंधारात त्यावर अतिनील किरण पडताच मात्र ते झळझळीत हिरव्या तेजाने उजळते. या आविष्काराला फ्लुओरेसन्स हे नाव देणारे आणि त्यामागील नियम सांगणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८४१ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम आले. १८४९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एकेकाळी न्यूटन यांनी भूषविलेल्या लुकेशियन प्राध्यापकपदावर त्यांची नियुक्ती झाली. हे पद अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

क्विनीनच्या स्वच्छ द्रावणावर दिसणारी निळी झाक शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होती. तिचे कारण उमगत नव्हते. स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत लोलकाच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि द्रावणाची नळी त्यातून हळूहळू सरकवत नेली. तांबड्यापासून पुढे बराच काळ काहीच घडले नाही. जांभळ्या टोकापाशी नळी निळी चमकू लागली आणि जेथे डोळ्यांना केवळ अंधारच दिसतो, तेथेही ती चमकतच राहिली. पदार्थ अदृश्य किरण शोषून घेतो आणि अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, असा निष्कर्ष त्यांनी १८५२ मध्ये मांडला. फ्लुओरस्पार या खनिजावरून घडविलेला नवा शब्द त्यांनी काहीशा संकोचाने एका तळटीपेत सुचविला होता. पुढे तोच जगभर रूढ झाला. विलेमाइटमध्ये हे कार्य मँगेनीजचे सूक्ष्म अंश करतात. २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषले गेल्यावर सुमारे ५२५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यातून बाहेर पडतो.

श्रेयाच्या बाबतीत स्टोक्स कमालीचे निःस्पृह होते. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा सोडियमशी असलेला संबंध त्यांनी मित्र विल्यम थॉमसन यांना बोलण्याच्या ओघात सांगितला होता. प्रसिद्ध मात्र केला नाही. १८५९ मध्ये जर्मनीच्या किरखॉफ यांनी तो सिद्ध केला. थॉमसन स्टोक्स यांचा अग्रहक्क मांडू लागले, तेव्हा स्वतः स्टोक्स यांनीच तो जाहीरपणे नाकारला.

१८५४ पासून तब्बल ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे निबंध तपासण्यात त्यांचा अमाप वेळ गेला आणि त्यांचे स्वतःचे संशोधन मागे पडले. ही हानी विज्ञानाचीच म्हणावी लागेल. १८५७ मध्ये विवाह केल्यामुळे तत्कालीन नियमानुसार त्यांना पेम्ब्रोक महाविद्यालयाची फेलोशिप सोडावी लागली होती. नियम बदलल्यावर ती परत मिळाली आणि १९०२ मध्ये ते त्याच महाविद्यालयाचे प्रमुख झाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

पुढे १९२८ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी द्रवांमधून विखुरलेल्या प्रकाशात नव्या रेषा शोधल्या. आरंभी रामन यांच्या सहकाऱ्यांना हा परिणाम क्षीण फ्लुओरेसन्सच वाटला होता. त्यांपैकी अधिक तरंगलांबीच्या रेषांना आजही स्टोक्स रेषा असेच म्हणतात.