दादासाहेब फाळके व त्यांचे दोन कॅमेरे

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून कै. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचें नांव आमच्या लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक असतें. त्यांच्या नांवाचें पारितोषिक भारत सरकार १९६९ सालापासून देत आलें आहे, हेंही पुष्कळांनीं ऐकलें असेल. परंतु चित्रपट काढण्यापूर्वीं हे गृहस्थ जवळ जवळ वीस वर्षें स्थिर चित्रांचा कॅमेरा वापरीत होते, आणि चाळिशी उलटल्यावर तो बाजूस ठेवून त्यांनीं दुसऱ्याच जातीचें यंत्र हातीं धरलें, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. ती येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

फाळक्यांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्र्यांच्या घरीं झाला. वडिलांस मुंबईच्या विल्सन कॉलेजांत, म्हणजे मिशनच्याच एका विद्यालयांत, संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली व कुटुंब मुंबईस आलें. मुलगा चित्रें काढण्यांत रमे, म्हणून १८८५ सालीं त्यास जे. जे. कलाशाळेंत घातलें. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकलेबरोबर छायाचित्रण व ठसे तयार करण्याची विद्याही त्यांनीं संपादन केली. तेथील प्रमुख प्रो. गज्जर यांची त्यांच्यावर मर्जी बसली आणि कलाभवनाची छायाचित्रशाळा त्यांस वापरावयास मिळूं लागली.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर उभी केलेली एक लांकडी पेटी. छायाचित्रकारानें डोकीवर काळें कापड ओढून घ्यावें, मागच्या घांसलेल्या कांचेवर उलटें पडलेलें चित्र नीट जुळवावें, आणि मग रासायनिक लेप दिलेली कांच आंत सरकवून तिला बेताचा उजेड दाखवावा. एका कांचेवर एकच चित्र. समोरचा मनुष्य हालला कीं कांच फुकट गेली. हें काम घेऊन १८९५ च्या सुमारास फाळक्यांनीं गोधरा येथें दुकान थाटलें. १९०० सालच्या प्लेगांत त्यांची पत्नी व मूल दोघेंही दगावलीं. बडोद्यास परतून त्यांनीं पुन्हां धंदा मांडला, तों कॅमेरा माणसाची शक्ति ओढून घेतो व त्यामुळें मरण येतें, असा समज लोकांत पसरला आणि गिऱ्हाईक येईनासें झालें. घरोघर प्लेगनें माणसें मरत असतां असा समज पसरावा, यांत आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं.

यानंतर त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें जादूचे प्रयोग केले. १९०२ सालीं करंदीकरांच्या कन्येशीं दुसरा विवाह झाला व त्या सरस्वतीबाई फाळके झाल्या. पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकाराची नोकरी झाली. ती सोडून लोणावळ्यास व मागाहून दादरास ठशांचा व छपाईचा कारखाना निघाला. १९०९ त रंगीत छपाई शिकण्यासाठीं ते जर्मनीसही जाऊन आले. भागीदारांशीं न पटल्यानें तोही कारखाना त्यांनीं सोडला.

अशा रिकाम्या स्थितींत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या एका तंबूंतील चित्रपटगृहांत त्यांनीं प्रभु ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चाललें असतां त्यांच्या डोळ्यांपुढें राम व कृष्ण उभे राहूं लागले. पुन्हां ते सरस्वतीबाईंस घेऊन तोच खेळ पाहावयास गेले. आपल्या देशांतील कथा आपल्याच माणसांनीं अशा पडद्यावर दाखवाव्या, हा ध्यास त्यांस त्या दिवसापासून लागला. कॅमेरा बदलणारे ते कांहीं पहिले मराठी छायाचित्रकार नव्हत. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं विलायतेहून चलच्चित्रांचें यंत्र मागवून १८९९ सालींच मुंबईंत कुस्तीचें दृश्य टिपलें होतें. परंतु सावेदादांनीं जें समोर घडत होतें तें टिपलें. फाळक्यांस एक संपूर्ण कथा घडवून ती टिपावयाची होती.

त्यांनीं एक लहानसें यंत्र व फितीचे तुकडे मिळवून रात्रंदिवस अभ्यास आरंभिला. झोंप नाहीं, विश्रांति नाहीं. परिणामीं डोळे गेले. कांहीं काळ त्यांस अजिबात दिसेनासें झालें. ज्याची सारी पोटापाण्याची विद्या डोळ्यांवर अवलंबून, त्याच्या घरीं तेव्हां काय अवस्था झाली असेल याचा वाचकांनींच विचार करावा. औषधोपचारानें दृष्टि परत आली आणि फाळके पुन्हां त्याच कामास लागले! आप्तांस हें वेड वाटलें. घरांत मुलें होतीं, ठरलेली मिळकत नव्हती. तरी आयुष्याचा विमा गहाण ठेवून त्यांनीं कर्ज काढलें व ता. १ फेब्रुवारी १९१२ रोजीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, ते लंडनला जाण्यास निघाले. तेथें ‘बायोस्कोप’ नामक साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनीं प्रथम त्यांस या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण मनुष्य खरा आहे असें पाहून त्यांनींच चित्रपटकार हेपवर्थ यांच्याशीं गांठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या कारखान्यांत सर्व काम डोळ्यांनीं पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीस भोकें पाडण्याचें यंत्र खरेदी करून फाळके एप्रिलच्या आरंभीं मुंबईस परतले.

या नव्या यंत्रांत कांचेऐवजीं लांब फीत असे. बाजूचा दांडा हातानें फिरवीत राहावें, कीं फीत सरकत जाई व तिजवर एकामागून एक बारीक चित्रें उमटत. फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें मावत. हालणाऱ्या माणसाची येथें अडचण नव्हती. उलट त्यानें हालावें यासाठींच तें यंत्र. पण पैसा देणाऱ्यांस हें पटवावयाचें कसें?

फाळक्यांनीं जी युक्ति केली ती आमच्या मतें त्यांच्या साऱ्या चरित्रांत अत्यंत मनोरम आहे. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसविला, आणि दांडा भरभर न फिरवितां ठराविक वेळानें एकेकच चित्र घेण्याचा क्रम महिन्याहून अधिक काळ चालविला. म्हणजे हातीं नवा कॅमेरा, पण काम जुन्या छायाचित्रकाराचें: एका वेळीं एक चित्र, आणि मग वाट पाहणें. चकलांब्याच्या शेतांत हरभऱ्याचा किंवा तुरीचा कोंब वर आलेला आपण नित्य पाहतों. पण तो वर येत असतां कोणी पाहिला आहे काय? फाळक्यांच्या पडद्यावर तो मिनिटभरांत मातींतून डोकें काढी, पानें फोडी व वेल होऊन चढे. ‘अंकुराची वाढ’ हें त्या लहानशा चित्रपटाचें नांव. तो पाहून स्नेह्यांचा विश्वास बसला व कर्ज मिळालें. जें कमी पडलें त्यासाठीं सरस्वतीबाईंनीं आपले दागिने पुढें केले.

त्या बाईंचें काम दागिन्यांवर संपलें नाहीं. विलायतेहून येणारी फीत कोरी असे. रात्रीं अंधारांत बसून तिच्या दोन्ही कडांस भोकें पाडणें हें त्यांचें काम. ओळीनें पडलेलें एकही भोंक चुकलें तर फीत यंत्रांत अडकावयाची. रसायनें मिसळणें व फीत धुणेंही त्या शिकल्या, आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक होताच.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार होण्यास सुमारें सात महिने लागले. फाळक्यांस आतां पात्रांस शिकवावयाचें होतें; म्हणून त्यांनीं बालपणचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांस नवें यंत्र चालविण्यास शिकवून दांडा त्यांच्या हातीं दिला. वीस वर्षें कॅमेऱ्याच्या मागें उभा असलेला मनुष्य आतां त्याच्या पुढें, पात्रांमध्यें, वावरूं लागला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट भरली. वरील हिशोबानें तीं एकूण ५९ हजारांवर चित्रें होतात. कांचेच्या कॅमेऱ्यावर एवढीं काढावयास एक जन्म पुरला नसता. ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांस दाखविण्यांत आला व लोकांनीं गर्दी केली. पुढें १९१७ त ‘लंकादहन’ निघाला, १९१८ त नाशिकास हिंदुस्थान कंपनी उभी राहिली. तो इतिहास प्रसिद्धच आहे.

कॅमेरा मात्र पुन्हां एकदां बदलला, आणि तो फाळक्यांनीं बदललेला नव्हता. १९३१ सालीं बोलपट आले. त्यांचा मूक तयार झालेला ‘सेतुबंधन’ मागाहून ध्वनि जोडून दाखवावा लागला. कोल्हापूरच्या संस्थेसाठीं १९३७ सालीं त्यांनीं ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला, तेव्हां ते ६७ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनीं चित्रपट काढला नाहीं. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें.